बेल्ट, बुश आणि बर्फ: एका जुन्या क्लचची गोष्ट

१९७०च्या आसपासची एखादी स्नोमोबाइल कॅनडातल्या शेतावरच्या कोठारातून बाहेर काढली, की बऱ्याचदा असं होतं. कार्ब्युरेटर साफ करतात, ताजं पेट्रोल-ऑइल भरतात, दोरी ओढतात. चार-सहा हिसक्यांनंतर इंजिन खोकत खोकत सुरू होतं. निळा धूर निघतो. जमलेली मंडळी खूश होतात. मग अंगठ्याने थ्रॉटल दाबला जातो, इंजिन किंचाळतं आणि गाडी जागची हलत नाही. नाहीतर एकदम गचका देऊन उडी मारते. नाहीतर नुसताच रबर जळाल्याचा वास येतो.

दोष इंजिनात नसतो. तो असतो इंजिनाच्या शाफ्टच्या टोकावर बसवलेल्या, साधारण पोळीएवढ्या रुंदीच्या ॲल्युमिनियमच्या एका पुलीत. तिला ड्राइव्ह क्लच म्हणतात. तिच्यात ना वायर असते, ना सेन्सर, ना तेल. एक स्प्रिंग, काही छोटी वजनं, दोन-तीन बुश आणि एकमेकींकडे उतरत्या तोंडाच्या दोन तबकड्या, एवढाच सगळा ऐवज. पण उत्तर ध्रुवाजवळच्या माणसांचं आयुष्य बदलण्यात या ऐवजाचा वाटा फार मोठा आहे.

हे यंत्र आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. घरी बिनगिअरची स्कूटर असेल, तर तिच्या डाव्या बाजूच्या लांबट झाकणाखाली याच क्लचचं भावंड फिरत असतं. १९८०च्या दशकात कायनेटिक होंडा आपल्या रस्त्यांवर आली, तेव्हा ‘नुसतं रेस करा आणि चला’ याचं लोकांना केवढं अप्रूप होतं! गॅरेजवाला आज ‘व्हेरिएटर उघडावा लागेल, रोलर घासलेत’ असं म्हणतो, तेव्हा तो याच कुळाबद्दल बोलत असतो. फरक एवढाच, की स्कूटर बंद पडली तर आपण ती ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत नेतो. उणे तीस अंशांत, सर्वांत जवळचं घर साठ किलोमीटरवर असताना, ती सोय नसते.

वाल्कूरमधला हिवाळा

क्यूबेक प्रांतातल्या वाल्कूर या गावी १९०७ साली जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए याचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी, १९२२मध्ये, त्याने जुन्या फोर्ड गाडीचं इंजिन एका घसरगाडीवर चढवून मागे पंखा लावला आणि ती बर्फावर पळवून दाखवली. पंख्याला ना जाळी होती, ना आडोसा. वडिलांनी ती तिथल्या तिथे मोडायला लावली. पण पोराचं डोकं कुठे चालतं हे त्यांनी ओळखलं असावं. १९२६मध्ये आर्मांने गावातच स्वतःचं गॅरेज सुरू केलं.

त्या काळी क्यूबेकच्या खेड्यांतले रस्ते हिवाळ्यात साफ केले जात नसत. पहिला मोठा बर्फ पडला, की मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवायच्या आणि वसंत येईपर्यंत घोड्याच्या घसरगाडीवर भागवायचं. १९३४च्या हिवाळ्यात आर्मांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन पोटदुखीने आजारी पडला. अपेंडिक्सचं दुखणं पोटभर पसरलं होतं. इस्पितळ शेरब्रुकला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. रस्ते बर्फाखाली गेलेले. बापाच्या गॅरेजमध्ये बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग चालू होते, पण मुलाला बसवून नेता येईल असं काहीही तयार नव्हतं. मूल दगावलं.

पुढे आर्मांने रबराचं आवरण असलेलं दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा ट्रॅक, अशी रचना सिद्ध केली. १९३७ साली तिचं पेटंट त्याला मिळालं. त्यावर बांधलेली बी-७ ही सात जणांची बंद गाडी आणि नंतरची बारा जणांची बी-१२ या गाड्यांनी डॉक्टर नेले, टपाल नेलं, शाळेतली मुलं नेली. १९४२मध्ये कंपनी स्थापन झाली.

मग सरकारनेच धंद्याचं गणित बिघडवलं. १९४८मध्ये क्यूबेकने हिवाळ्यात रस्ते साफ ठेवण्याचा कायदा केला आणि वर्षभरात कंपनीची विक्री जवळजवळ निम्म्यावर आली. लोकांसाठी ही चांगलीच बातमी होती. रस्ते उघडे राहिले, तर पुढच्या इव्हॉनला नेणं सोपं होणार होतं. पण जिथे मुळात रस्ताच नाही, तिथलं काय? आर्मांच्या डोक्यातली जुनी कल्पना, एक-दोन माणसांची हलकी गाडी, पुन्हा वर आली. १९५९मध्ये पिवळी स्की-डू बाजारात आली. तिचा एक सुरुवातीचा नमुना ओंटारिओच्या उत्तरेकडच्या लॅन्सडाउन हाउस इथल्या मोरिस उइमे या मिशनरीकडे चाचणीसाठी गेला होता. कुत्र्यांच्या गाडीची जागा घेणारी म्हणून तिचं नाव ‘स्की-डॉग’ ठेवायचं होतं आणि छापताना अक्षर चुकलं, अशी आख्यायिका सांगतात. पहिल्या हंगामात २२५ गाड्या विकल्या गेल्या. चार वर्षांनी वार्षिक विक्री ८,२१०वर पोहोचली.

बर्फात गिअर का चालत नाही

हलक्या गाडीला हलकं इंजिन लागतं, आणि अडचण इथूनच सुरू होते.

रस्त्यावर मोटारसायकल चालवताना आपण क्लच दाबतो, गिअर बदलतो, क्लच सोडतो. त्या क्षणभरात चाकांना ताकद मिळत नाही, पण गाडी आपल्या वेगात पुढे जात राहते. बर्फात तसं होत नाही. मऊ बर्फ गाडीला सतत मागे ओढतो. ताकद क्षणभर जरी तुटली, तरी गाडीचा वेग मरतो आणि खोल बर्फात ती खाली रुतते. त्यात हातात जाड मोजे. दोन्ही हात हँडलवर हवेत, कारण अंगाचा तोल देऊनच गाडी वळवायची असते.

दुसरी अडचण इंजिनाची. हलकं आणि जोरदार म्हणून टू-स्ट्रोक इंजिन सोयीचं, आणि १९६०च्या दशकात स्की-डूसाठी ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीची अशी इंजिनं येऊ लागली. पण टू-स्ट्रोकचा स्वभाव हट्टी. वेगाच्या एका अरुंद पट्ट्यातच ते मनापासून काम करतं. त्याच्या खाली ते गुदमरतं, वर गेलं तर नुसतं ओरडतं.

म्हणजे इंजिन त्याच्या आवडीच्या वेगावर ठेवायचं आणि गाडीचा वेग मात्र शून्यापासून कमालीपर्यंत बदलू द्यायचा, तोही ताकद न तोडता. याचं उत्तर बर्फाशी संबंध नसलेल्या माणसांनी आधीच शोधून ठेवलं होतं. कॅलिफोर्नियात फॉस्टर सॉल्सबरीने १९३०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या स्कूटरला आपोआप गुणोत्तर बदलणारी बेल्टची रचना बसवली होती. नेदरलँड्समध्ये हुब व्हान डोर्नेने याच तत्त्वावर १९५८ साली डाफ ६०० ही मोटार आणली. सॉल्सबरीचं नाव तर पुढे थेट स्नोमोबाइलच्या क्लचवर उमटलं.

ही रचना अशी. दोन पुली, मध्ये एक रबरी व्ही-बेल्ट. पुढची पुली म्हणजे ड्राइव्ह क्लच, इंजिनावर. मागची ट्रॅककडे जाणाऱ्या शाफ्टवर. प्रत्येक पुलीच्या दोन तबकड्या जवळ-दूर होऊ शकतात. जवळ आल्या, की बेल्ट कडेकडे चढतो आणि पुली जणू मोठी होते. दूर गेल्या, की बेल्ट मध्याकडे उतरतो आणि पुली लहान होते.

इंजिन नुसतं सुरू असताना ड्राइव्ह क्लचमधली स्प्रिंग तबकड्या दूर ठेवते. बेल्ट सैल असतो आणि गाडी उभी राहते. थ्रॉटल दाबला, इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजारांच्या आसपास गेले, की आतली वजनं केंद्रापासून बाहेर फेकली जातात. गोफणीतला दगड बाहेर ओढ घेतो ना, तसंच. ती स्प्रिंगवर मात करून सरकती तबकडी आत ढकलतात, बेल्ट पकडला जातो आणि गाडी निघते. वेग वाढत जातो तसा पुढे बेल्ट वर चढतो आणि मागे खाली उतरतो. सुरुवातीला इंजिनाच्या तीन-साडेतीन फेऱ्यांना मागच्या पुलीची एक फेरी पडत असते; पूर्ण वेगात हे प्रमाण जवळजवळ एकास एक होतं.

मागच्या पुलीत एक तिरकी, जिन्यासारखी वळणारी कॅम असते. चढ लागला आणि ट्रॅकला जोर पडू लागला, की ती पीळ खाऊन मागच्या तबकड्या जवळ आणते. म्हणजे गाडी आपोआप खालच्या गिअरमध्ये येते. वजनं इंजिनाचा वेग ओळखतात, कॅम जमिनीचा भार ओळखते, आणि दोघांच्या ओढाताणीतून प्रत्येक क्षणाचं गुणोत्तर ठरतं.

आपल्या स्कूटरमध्ये पुढे रोलरचा व्हेरिएटर आणि मागच्या चाकापाशी वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच असतो. स्नोमोबाइलमध्ये गाडी ‘सोडण्याचं’ कामही पुढची पुलीच करते. म्हणून तिला पुली न म्हणता क्लच म्हणतात. आणि म्हणूनच ती बिघडली, की सगळंच बिघडतं.

रेनडिअर आणि सुटे भाग

क्यूबेकबाहेरही हेच वेड पसरत होतं. मिनेसोटातल्या रोझो गावी शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातून पोलारिस जन्माला आली. तिच्या संस्थापकांपैकी एडगर हेटिनने १९६०मध्ये अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत, हजार मैलांहून अधिक अंतर, आपल्या गाड्या चालवून दाखवल्या. पुढे तो पोलारिस सोडून गेला आणि त्याच्या नव्या कारखान्यातून आर्क्टिक कॅट उभी राहिली. १९ एप्रिल १९६८ रोजी मिनेसोटाचाच राल्फ प्लेस्टेड, व्यवसायाने विमा विकणारा माणूस, साथीदारांसह स्की-डूवरून उत्तर ध्रुवावर पोहोचला. अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने वरून जागेची खात्री केली.

पण खरा बदल विक्रमांमध्ये नव्हता. फिनलंडच्या ईशान्येला सेवेत्तियार्वी भागात स्कोल्ट सामी लोक रेनडिअर पाळून राहत. प्रवासाला आणि ओझी ओढायलाही तेच. १९६०च्या दशकात तिथे स्नोमोबाइल पोहोचली आणि काही वर्षांत घसरगाडी ओढणारे रेनडिअर जवळजवळ नाहीसे झाले. मानववंशशास्त्रज्ञ पेर्टी पेल्टो यांनी १९७३मध्ये ‘द स्नोमोबाइल रिव्होल्यूशन’ या पुस्तकात या बदलाचा हिशेब मांडला. तासांचं काम मिनिटांत होऊ लागलं. दुकान, शाळा, नातेवाईक जवळ आले. पण यंत्राच्या आवाजाने कळप बुजू लागले, जनावरं माणसाळेनाशी झाली. गाडी घेणं आणि राखणं ज्यांना परवडलं ते या व्यवसायात टिकले, इतर अनेक बाहेर फेकले गेले.

रेनडिअरला चारा बाहेरून विकत आणावा लागत नव्हता, तो बर्फाखालचं दगडफूल स्वतः उकरून खायचा. गाडीला पेट्रोल लागतं, बेल्ट लागतो, बुश लागतात, आणि ते सगळं दूरच्या कारखान्यातून, रोख पैशाने. यंत्राने माणसाला अंतरातून सोडवलं आणि सुट्या भागांच्या साखळीला बांधलं. अशा ठिकाणी दुरुस्ती येणं म्हणजे ती साखळी थोडी लांब करून घेणं. क्लच स्वतः उघडता येणाऱ्या माणसाला पुढचं पार्सल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावं लागत नाही.

शंभर कंपन्या, मग चार

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शंभराहून अधिक कंपन्या स्नोमोबाइल बनवत होत्या. एकट्या १९७१ साली सुमारे पाच लाख गाड्या विकल्या गेल्या. तो आकडा पुन्हा कधीच गाठता आला नाही. १९७३चं तेलसंकट आलं, मागणी कोसळली आणि एकामागून एक नावं पुसली गेली.

बंबार्डियर कंपनीने, आपल्याकडे आर्मांचं आडनाव असंच उच्चारतात, दुसरी वाट धरली. १९७४मध्ये तिने माँट्रियल मेट्रोचे ४२३ डबे बांधण्याचं कंत्राट मिळवलं. पुढे ती जगातल्या मोठ्या रेल्वे कंपन्यांपैकी एक झाली. मुंबईच्या काही लोकल गाड्यांमध्येही नंतर तिची विद्युत यंत्रणा बसली. आर्मां हे पाहायला नव्हता. तो १९६४मध्येच कर्करोगाने गेला होता.

बुडालेल्या कंपन्यांच्या गाड्या मात्र बुडाल्या नाहीत. त्या कोठारांत, झाडांखाली, ताडपत्रीखाली पडून राहिल्या. आज मिनेसोटातल्या वकोनियासारख्या गावी जुन्या स्नोमोबाइलवाल्यांचा मेळा भरतो, तेव्हा अशा किती तरी गाड्या बर्फावर येतात. त्यांच्यामागे कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, हेल्पलाइन नाही. आहेत ती फक्त माणसं.

क्लच उघडताना

अशा गाडीचा क्लच नव्याने बांधायचा म्हणजे काय? रचना कंपनीगणिक बदलते, पण ओळ साधारण एकच.

पहिली परीक्षा तो बाहेर काढण्याची. क्लच क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर पाचरीसारखा घट्ट बसलेला असतो. मधला बोल्ट काढला तरी तो हलत नाही. हातोडा मारला तर क्रँकशाफ्टच वाकतो. त्यासाठी त्या मापाचा पुलर लागतो. तोही पुरला नाही, तर जुने लोक पोकळीत ग्रीस किंवा पाणी भरून पुलर आवळतात. द्रव दबत नाही, तो क्लचला मागे ढकलतो आणि ‘टक्’ असा आवाज येऊन पाचर सुटते.

दुसरं काम मार्करचं. झाकण, वजनांचा सांगाडा, तबकड्या यांच्यावर एका रेषेत खुणा करायच्या. सगळा क्लच एकत्र फिरवून त्याचा तोल साधलेला असतो. भाग उलटसुलट बसले, तर मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांना तो थरथरू लागतो आणि क्रँकशाफ्टची बेअरिंग खातो. मग झाकणाचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे सोडायचे, कारण खाली स्प्रिंग दाबलेली असते.

आता आत पाहायचं. वजनांच्या पाठीवर खाच पडली आहे का? रोलर एका बाजूने चपटे झाले आहेत का? असतील तर तबकडी सरळ सरकत नाही, अडखळते. सुरुवातीचा तो गचका तिथून येतो. स्प्रिंगची मोकळी उंची मोजायची. ती बसकी झाली असेल, तर क्लच नको तेव्हा लवकर पकडतो आणि इंजिन गुदमरतं. तबकड्यांवर बेल्टने कोरलेली चाकोरी नखाला लागते का, तेही पाहायचं.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बुश. सरकती तबकडी याच बांगडीवर मागे-पुढे होते. बुश झिजला, की तबकडी डुलते, बेल्ट वाकडा पकडते आणि खाऊन टाकते. तयार बुश मिळाला तर उत्तम. नाहीतर माप घेऊन लेथवर नवा करून घ्यायचा, दाबून बसवायचा आणि शाफ्टवर तबकडी स्वतःच्या वजनाने अलगद घसरते का ते पाहायचं. त्यावर तेल किंवा ग्रीस घालण्याचा मोह होतो, पण घालायचं नाही. बेल्टची भुकटी तेलात मिसळून खरकागदासारखी लुकटी होते आणि नवा बुश काही दिवसांत जुना होतो. तबकड्यांची तोंडंही कोरडी ठणठणीत हवीत.

शेवटी भिंग घेऊन तडे शोधायचे. पन्नास वर्षांचं ओतीव ॲल्युमिनियम वरून धडधाकट दिसतं. फिरता क्लच फुटला, तर त्याचे तुकडे चालवणाऱ्याच्या मांडीच्या दिशेने येऊ शकतात. तडा गेलेला भाग कितीही दुर्मीळ असो, तो टाकून द्यायचा. म्हणूनच क्लचवरचं पत्र्याचं संरक्षक कवच काढून गाडी पळवणं हा शहाणपणा नाही.

मग टेपर पुसून, खुणा जुळवून, टॉर्क रेंचने ठरल्याप्रमाणे बोल्ट आवळायचा. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का आणि बेल्टची रुंदी पुरेशी आहे का, हे तपासायचं. गाडी थोडी चालवून बोल्ट पुन्हा एकदा आवळायचा.

या सगळ्यात एकही पासवर्ड लागत नाही. प्रत्येक झीज डोळ्यांना दिसते, बोटांना लागते आणि कशामुळे झाली ते सांगते. आजच्या स्नोमोबाइलमध्ये इंजिनाला संगणक आला, इंधनाचे इंजेक्टर आले, टर्बो आले. तरीही शक्ती ट्रॅकपर्यंत नेण्याचं काम अजून बेल्ट, वजनं आणि स्प्रिंगच करतात. आर्मांच्या काळातला मेकॅनिक आजचा ड्राइव्ह क्लच पाहून गोंधळणार नाही. इंजिनासमोर मात्र त्याला हात टेकावे लागतील.

२०२३ साली क्यूबेकच्याच विधिमंडळाने ग्राहकोपयोगी वस्तू मुद्दाम लवकर निकामी होतील अशा बनवण्याविरुद्ध आणि त्या दुरुस्त करता याव्यात यासाठी कायदा केला. भारत सरकारनेही त्याच्या आदल्या वर्षी ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. ज्या फोनवर हे वाचताय त्याची बॅटरी बदलायची म्हटलं तर किती ठिकाणी विचारावं लागेल, याचा अंदाज तुम्हाला असेलच. वाल्कूरच्या एका गॅरेजवाल्याने गाडी बनवायला घेतली ती वाट पाहणं परवडत नव्हतं म्हणून. त्याच्या नंतरच्यांनी क्लच उघडायला शिकून घेतलं, तेही त्याच कारणाने.